मांजराच्या पिल्लाचे डोळे आले: थेंब की मलम?
औषध कुठलंही असो, आधी साफसफाई. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापणीवर मिनिटभर धरा, वाळलेली चिपडं मऊ झाली की अलगद पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. ओढून डोळा उघडायचा नाही.

थेंब घालणं सोपं. पिल्लू टॉवेलात गुंडाळायचं, हनुवटी वर करायची, हात मागून आणायचा, झालं. पण अश्रूंबरोबर ते लवकर वाहून जातात, म्हणून जास्त वेळा घालावे लागतात. मलम टिकतं. मात्र वळवळणाऱ्या पिल्लाच्या खालच्या पापणीत तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडणं म्हणजे कसरत. अर्धं मिशांना लागतं, उरलेलं त्याची आई चाटायला बघते! तरी माझा कल मलमाकडेच, दिवसभर घड्याळ बघत बसणं कुणाला जमतंय?

दोन्ही दिलं असेल तर आधी थेंब, पाचेक मिनिटांनी मलम. घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब नकोतच. बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते. आणि डोळे अजून न उघडलेल्या पिल्लाची पापणी फुगलेली दिसली, तर आत पू साठलेला असू शकतो. तिथे थेंब-मलम वाद सोडा, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.