डीएनए रिपोर्ट खरा, माल खोटा

घाऊक अश्वगंधा पावडर घेणाऱ्या वैद्यांनी आणि चूर्ण बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी हे जरूर वाचावं. मला ज्या व्यापाऱ्याने माल दिला, त्याने एकही खोटा कागद दिला नाही. फसवलं मात्र पुरेपूर.

भाव इतरांपेक्षा थोडा कमी, आणि सोबत लॅबचा डीएनए रिपोर्ट: 'विथानिया सोम्निफेरा', म्हणजे अश्वगंधाच. भेसळीची इतकी बोंब असताना असा कागद दाखवला की विकणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

पोतं सोडलं तर रंगच पटेना. मुळाचं चूर्ण मळकट पांढरं, फार तर पिवळसर असतं. याला हिरवट झाक होती. चिमूटभर पावडर काचेच्या ग्लासात स्पिरिट घेऊन ढवळली आणि खाली बसू दिली. वरचं स्पिरिट हिरवं झालं. मुळात हरितद्रव्य येणार कुठून? फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मुळाचे पिष्टकण होते, पण जागोजागी पर्णरंध्रं आणि अश्वगंधेच्या पानांवर असते ती फाटे फुटलेली लवही होती. पानं दळून घातलेली, आणि तीही चवीपुरती नव्हे.

व्यापाऱ्याला फोन लावला. "डॉक्टरसाहेब, वनस्पती तीच आहे ना? डीएनए बघा की!"

मेख इथेच आहे. पानाचा डीएनए आणि मुळाचा डीएनए एकच. या तपासणीला डीएनए बारकोडिंग म्हणतात; तिच्यात जनुकांचे ठरावीक तुकडे वाचतात. वनस्पतींसाठी 'आरबीसीएल' आणि 'मॅट-के' ही जोडी 2009 मध्ये सुचवली गेली. त्यावरून झाड कोणतं ते कळतं. सीता अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल खपवणारा यात पकडला जाईल. झाडाचा कोणता भाग दळलाय, हे मात्र त्यातून कळत नाही. अर्कांची तर वेगळीच कथा. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने मोठ्या दुकानांतल्या हर्बल गोळ्यांची डीएनए तपासणी केली, बहुतेकांत लेबलवरची वनस्पती सापडली नाही आणि गहजब झाला. अर्क काढताना डीएनए मोडूनच जातो, मग तो सापडणार कसा, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. म्हणजे ही तपासणी दोन्हीकडून चकवते.

पानंच का? मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे अश्वगंधेचं पीक उपटतात ते मुळासाठी, भाव मुळालाच. पाला जवळपास फुकट. शिवाय विथॅनोलाइड या अश्वगंधेतल्या मुख्य घटकांपैकी विथाफेरिन-ए पानात मुळापेक्षा जास्त असतं, त्यामुळे नुसता एकूण विथॅनोलाइडचा आकडा पाहिला तर भेसळीचा मालच सरस ठरतो! आपल्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, पोटात घ्यायला मूळच सांगितलंय आणि आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये पानं वापरू नका असं उत्पादकांना बजावलंय. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: नमुना ग्राहकाने पुरवलेला, निकाल त्या नमुन्यापुरता. बॅच नंबरचा पत्ता नाही. पैसे परत मागितले तर गड्याने बिलावर बोट ठेवलं. बिलात 'अश्वगंधा पावडर' एवढंच, 'मूळ' कुठेच नाही.

तेव्हा ऑर्डरमध्ये आणि बिलावर 'अश्वगंधा मूळ' लिहून घ्या. पोती आल्यावर नमुना स्वतः काढा आणि डीएनएसोबत सूक्ष्मदर्शकाची व एचपीटीएलसी (रासायनिक घटक वेगळे करून दाखवणारी) तपासणी मागा; पानाचा माल तिथे उघडा पडतो. जमत असेल तर अख्खी मुळं घेऊन स्वतः दळा. दळणावळ महाग पडते, पण मूळ डोळ्यांना दिसतं.

माझं न उघडलेलं पोतं सील करून ठेवलंय. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे आणि त्या व्यापाऱ्याचे फोन अजून येतात: "मिटवून टाकू ना, डॉक्टरसाहेब, पुढच्या मालात सूट देतो."