पाळी गेल्यावरची हार्मोन्स: नऊ महिन्यांचा अनुभव

वय 52. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत मानेपासून डोक्यापर्यंत अशी वाफ चढली की पदरानं वारा घेत खालीच बसले. पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंनी इस्ट्रोजेनची गोळी आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली. महिन्याभरात वाफा थांबल्या, झोप लागायला लागली. गुण आला, त्यात वाद नाही. घोळ झाला तो बाकीच्या औषधांचा.

थायरॉइडची गोळी मी आठ वर्षं घेते. ती दुसरे डॉक्टर बघतात, म्हणून बाईंना सांगितलीच नाही. खरं तर ती मला औषध वाटतच नव्हती, चहाआधीची सवय झालेली. जानेवारीत पाय जड, केस गळायला लागले, रंकाळ्याची एक फेरी होईना. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतं ते) 9 च्या वर! तेव्हा कळलं: पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं. तिथं थायरॉइडचं हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि शरीराला वापरायला मोकळं हार्मोन कमी उरतं. एरवी थायरॉइडचा डोस वाढवतात. पण पायाच्या शिरा फुगल्यात हेही मी तेव्हाच बोलले (आधी का नाही, विचारू नका), म्हणून बाईंनी इस्ट्रोजेनची गोळी बंद करून त्याचंच कातडीला लावायचं जेल दिलं. गोळीनं रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. कातडीतून, नेहमीच्या डोसात, तसा वाढलेला दिसत नाही. दोन महिन्यांत टीएसएच जागेवर. कॅल्शियमही नाश्त्यावरून रात्रीच्या जेवणावर गेलं, कारण थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तास तरी लांब हवं.

दुसरा घोळ मोठ्या जाऊबाईंमुळं. "अगं, मला एकच औषध, तुला कशाला दोन?" कॅप्सूलनं गुंगी येते, म्हणून मलाही ते पटलं. मे महिन्यात भाचीच्या लग्नात बारा-पंधरा दिवस कॅप्सूल घेतलीच नाही, जेल मात्र चालू. अंगावर जायला लागलं आणि तोंडचं पाणी पळालं. सोनोग्राफी झाली, अस्तर थोडं जाड, बाकी ठीक. जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे, माझी आहे. नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर वाढत जातं, पुढं कर्करोगापर्यंत जाऊ शकतं. कॅप्सूल त्यासाठीच असते. बाई रागावल्या, आणि बरोबरच रागावल्या.

ह्यांनी 2002 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचं काढलं, कर्करोगाच्या भीतीनं मधेच थांबवलेला तो. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि प्रोजेस्टेरॉनही वेगळ्या प्रकारचं. धोका शून्य नाही, म्हणून मॅमोग्राफी चुकवत नाही.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो जेलसाठी. आत किती उरलंय ते कळत नाही, आणि या पावसात ते वाळता वाळत नाही. मांडीला लावून पंख्याखाली बसायचं, हात धुवायचे, तासभर नातीला मांडीवर घ्यायचं नाही. ती दारातनंच ओरडते, "आजी, वाळलं का?"