हजाराच्या आतला मल्टिमीटर आणि मनात येईल तेव्हा सेल्फ घेणारी गाडी

मीटर उत्तम, वायरी टुकार. पैसे मात्र पहिल्याच पावसाळ्यात वसूल झाले. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारा मल्टिमीटर आणखी काय काय करतो ते वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, म्हणून फीचर्सची जंत्री देत नाही. मी तो एकाच कामासाठी घेतला. आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक कधी सेल्फ घ्यायची, कधी घ्यायची नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले अंदाजाने पार्ट बदलत सुटले होते.

लक्षण असं होतं: चावी फिरवली की टकटकटकटक आवाज, इंजिन ढिम्म. थोड्या वेळाने पुन्हा फिरवली की पहिल्या झटक्यात स्टार्ट. हा टकटकाट म्हणजे बॅटरी डाऊन, हे कुठल्याही गॅरेजातलं पोरगंही सांगेल, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. एकच ‘टक्’ होऊन गाडी गप्प बसली तर संशय सोलेनॉइडवर (सेल्फ मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) किंवा सेल्फ मोटरवर (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) जातो. काहीच आवाज नसेल तर रिले, क्लच स्विच, इग्निशन स्विच बघायचे. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर आजारच वेगळा. तिथे पेट्रोल पंप आणि स्पार्कची बाजू तपासायची. आमची टकटक होती, म्हणून बॅटरी बदलली गेली. साडेचार हजार रुपये. थोडे दिवस बरे गेले आणि ऐन पावसात, बाजारात, पुन्हा तेच.

मग एस्टिमेट आलं सेल्फ मोटरचं: नऊ हजार. मी विचारलं, “सेल्फ मारताना व्होल्टेज किती उतरतं ते बघितलंत का?” उत्तर मिळालं, “साहेब, गाडी आमच्याकडे असताना फॉल्ट येतच नाही, मोजणार काय?” फॉल्ट दिसत नाही, मोजला नाही, तरी नऊ हजारांचा पार्ट बदलायचा! गाडी घरी आणली आणि मीटर मागवला.

आता त्या वायरींबद्दल. मीटरबरोबर आलेल्या प्रोबच्या वायरी जेमतेम हातभर, त्याही कडक प्लास्टिकच्या. टोकाला चिमटे नाहीत, नुसत्या सुया. घरच्या प्लगपाशी याने काही अडत नाही. गाडीत सगळंच अडतं. एक सुई बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरी खाली गिअरबॉक्सवर, मीटर धरायला तिसरा हात, आणि चावी फिरवायला आत दुसरं माणूस. कधीतरीच येणारा फॉल्ट तुम्ही दोन्ही सुया टेकवेपर्यंत थांबत नाही. बॉक्सवर डिस्प्लेच्या बॅकलाइटची जाहिरात आहे. त्याऐवजी दीड मीटरच्या मऊ वायरी आणि दोन मगरचिमटे दिले असते तर मी शंभर रुपये जास्त आनंदाने मोजले असते. शेवटी इलेक्ट्रिकच्या दुकानातून सिलिकॉनच्या वायरी आणि चिमटे वेगळे आणले. चिमटे लावायचे, वायरी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढायच्या, बॉनेट पहिल्या खिट्टीवर अलगद टेकवायचं, आणि मीटर वायपरखाली अडकवून तोंड काचेकडे करायचं. ड्रायव्हरच्या सीटवरून आकडा स्वच्छ दिसतो. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक लावलेला हवाच.

एवढी सोय झाल्यावर मीटरबद्दलचं माझं मत पार बदललं.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॅटरी १२.६ व्होल्ट. म्हणजे फुल. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की चार्जिंगला लावावी. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. पण हे आकडे गाडी शांत असतानाचे आहेत, यावरून निकाल देता येत नाही. खरा आकडा सेल्फ मारतानाचा. त्या वेळी चांगली बॅटरी ९.६ च्या वर राहायला हवी. गाडी नीट स्टार्ट व्हायची तेव्हा आमची १०.५ च्या आसपास उतरायची. आणि एके सकाळी, रात्रभर पाऊस कोसळून गेल्यावर, टकटक सुरू झाली तेव्हा समोर काचेवर आकडा होता १२.३.

फॉल्ट चालू आहे आणि बॅटरी खाली उतरतच नाही. बॅटरी मेली असती तर टकटक होताना आकडा कोसळला असता. तो हललाच नाही, याचा अर्थ पुरेसा करंट बॅटरीतून बाहेरच पडत नव्हता. वाटेत काहीतरी तुटलं होतं. जुनी बॅटरीही बहुधा धडधाकटच होती, आणि ती बाय-बॅकमध्ये कवडीमोलाने गेली, याची चीड मला अजून आहे.

मग लाल चिमटा इंजिनवरच्या स्वच्छ बोल्टला, काळा बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. दोन्ही टोकं अर्थचीच, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूचीच, त्यामुळे सेल्फ मारताना इथे ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. हिला सांगितलं, “आता मार सेल्फ.” टकटक झाली आणि डिस्प्लेवर सहा-सात व्होल्ट नाचायला लागले. सोलेनॉइड ओढायचा, मोटर करंट मागायची, सगळं व्होल्टेज त्या खराब अर्थवरच खर्च व्हायचं, सोलेनॉइड सुटायचा, पुन्हा ओढायचा. डाऊन बॅटरीसारखीच टकटक, कारण मात्र दुसरंच. खात्रीसाठी जम्प केबलची एक जाड वायर निगेटिव्ह टर्मिनलवरून थेट इंजिनच्या हुकाला लावली. गाडी तत्काळ स्टार्ट.

बॅटरीच्या ट्रेखालून गिअरबॉक्सवर जाणारी अर्थची केबल काढली. वरून कव्हर नवंकोरं. लगजवळ (केबलच्या टोकाला बोल्टसाठी असलेला धातूचा जोड) इंचभर कापल्यावर आत तांब्याच्या तारा हिरव्या भुकटीत गेलेल्या, मूठभर तारा कशाबशा जोडलेल्या. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. माझा संशय तिथेच आहे. एकदा पाणी केबलच्या आत शिरलं की तारांमधून ते वर चढत राहतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये या केबलवर बीप टेस्ट (तार सलग असली की मीटर वाजतो ती) झाली होती आणि ‘ओके’ आली होती. ती येणारच. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर अँपिअर सहज ओढतो. केबलमध्ये ०.०५ ओहमचा रेझिस्टन्स (अडथळा) जरी आला तरी पाच व्होल्ट तिथेच संपतात. आणि माझा मीटर दोन सुया एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ ओहम दाखवतो. म्हणजे गाडी बंद पाडणारा फॉल्ट मीटरच्या वायरींच्या रेझिस्टन्सपेक्षाही लहान! ओहमवर तो कधीच सापडणार नाही. लोड असताना, म्हणजे सेल्फ मारताना, व्होल्टेज ड्रॉप (केबलच्या दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) मोजणं हाच मार्ग. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच: टर्मिनलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत.

नवी केबल वायरमनदादांनी लग दाबून करून दिली, तीनशे रुपये. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आता ड्रॉप ०.१. तेव्हापासून टकटक नाही. बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. बॅटरीचे पैसे परत करायला त्यांनी साफ नकार दिला. निदान ते नऊ हजार तरी वाचले.

पुढच्या महिन्यांत एक दोष मात्र डोक्यात गेला. पार्क केलेल्या गाडीत किती करंट खर्च होतो ते मोजायला मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा, लावला. गाडीची सगळी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल्स झोपायला अर्धा तास सहज लागतो, आणि हा मीटर पंधरा मिनिटांत स्वतःच बंद होतो. एक बटण दाबून ठेवून मीटर चालू केला की ऑटो ऑफ रद्द होतं, हे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ५० मिलिअँपच्या आत हवं तिथे १८० निघाले, बाहेरून बसवलेल्या स्टिरिओमुळे. ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी त्यात आठवडाभरात झोपते. ही चाचणी करताना चुकूनही सेल्फ मारू नका. आत १० अँपिअरचा फ्यूज आहे, तो जागच्या जागी उडतो. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला.

आणि मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी पावसाळ्याआधी बदला. ती उतरली की असले स्वस्त मीटर आकडे वाढवून दाखवतात. माझ्याकडे चार्जिंग १५.८ दिसायला लागलं होतं आणि अल्टरनेटरचा खर्च समोर उभा राहिला होता. साठ रुपयांची बॅटरी टाकली, आकडा परत १४.२.