‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची नॉर्टन आवृत्ती: शांतिसेनेवर विचार करणाऱ्यांनी ती कशी वाचावी

जोसेफ कॉनरॅडची ही छोटी कादंबरी 1899 मध्ये एका मासिकात तीन हप्त्यांत आली. नुसती गोष्ट वाचायची तर कोणतीही स्वस्त प्रत पुरते. पण परक्या मुलखात ‘भलं करायला’ जाणाऱ्यावर लगाम कुणाचा, हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी पॉल बी. आर्मस्ट्राँग यांनी संपादित केलेली नॉर्टनची 2006 ची आवृत्ती घ्यावी. मूळ संहितेइतकाच मोलाचा ऐवज तिच्या मागच्या पानांत आहे: कृष्णवर्णीय अमेरिकी इतिहासकार जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स यांचं तेव्हा बेल्जियमच्या राजाच्या ताब्यात असलेल्या काँगोबद्दलचं 1890 चं निवेदन, तिथले ब्रिटिश वकील (कॉन्सल) रॉजर केसमेंट यांचा अहवाल, कॉनरॅडची काँगोतली रोजनिशी आणि नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांची कठोर टीका.

वाचताना एका जागी थांबाच. आफ्रिकेत एका व्यापारी कंपनीसाठी हस्तिदंत गोळा करणारा कर्ट्झ एका आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी सतरा पानी अहवाल लिहितो. भाषा उदात्त, प्रत्यक्ष उपाय एकही नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र, बऱ्याच नंतर, थरथरत्या हाताने, या सगळ्या रानट्यांना ठार करा अशा अर्थाची ओळ खरडलेली. त्याला आणायला नदीतून बोट घेऊन गेलेला मार्लो ही गोष्ट सांगतो. कर्ट्झ मेल्यावर मार्लो हा अहवाल कंपनीच्या माणसापुढे धरतो, तेव्हा तेवढा तुकडा फाडून ठेवतो. वाचनमंडळांत चर्चा कर्ट्झ बिघडला कसा यावरच अडकते आणि वेळ संपतो. पण खरा नैतिक पेच मार्लोचा आहे. तो क्रूर नाही, त्याला सगळं दिसलेलं आहे, आणि तरीही कागद स्वच्छ करून पुढे देतो.

कॅरिबियनमधल्या हैती देशाचं प्रकरण याच्या शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथे कॉलरा पसरला. मिरबाले गावाजवळच्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण आर्तिबोनीत नदीच्या उपनदीत मिसळत होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 हजार माणसं दगावली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मैलापाण्याची व्यवस्था धड नव्हती. पण संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी माफी मागितली ती डिसेंबर 2016 मध्ये, आणि पीडितांचा दावा अमेरिकी न्यायालयात संघटनेला असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे उभाच राहिला नाही. सैनिकाने गुन्हा केला तरी खटला चालवायचा अधिकार त्याला पाठवणाऱ्या देशाकडेच राहतो. लैंगिक शोषणाच्या तक्रारींवर अख्खी तुकडी परत पाठवण्याची तरतूद सुरक्षा परिषदेच्या 2016 च्या 2272 क्रमांकाच्या ठरावाने झाली, फार उशिरा.

कादंबरीतली दुसरी जागा रिव्हेटांची, म्हणजे बोटीचे पत्रे जोडायच्या खिळ्यांची. मार्लोची बोट तळ फाटून पडलेली आहे, किनाऱ्यावरच्या ठाण्यात रिव्हेटांचे ढीग आहेत आणि वर नदीकाठी एकही पोचत नाही. रवांडात असंच झालं. शांतिसैनिकांची मंजूर संख्या 2,548 होती. तुत्सी लोकांची कत्तल सुरू असताना 21 एप्रिल 1994 ला सुरक्षा परिषदेने ती 270 वर आणली. 17 मे ला 5,500 मंजूर केले, पण चिलखती गाड्या भाड्याच्या अटींवरून अडकून पडल्या. तरीही जे काही शे सैनिक राजधानी किगालीत टिकून राहिले त्यांनी हजारो जीव वाचवले. म्हणून ‘शांतिसेना काय कामाची’ हा सवाल मला पटत नाही. नामिबिया, मोझांबिक, सिएरा लिओन इथल्या मोहिमा आपलं काम करून परतल्या. जिथे गणवेशधारी सैनिक जास्त, तिथे नागरिकांच्या हत्या कमी, असं अनेक देशांतल्या आकडेवारीचे अभ्यासही दाखवतात.

अचेबे यांचा 1975 च्या व्याख्यानावर आधारलेला लेख अगदी शेवटी वाचा. आधी वाचला तर कादंबरी निकाल ऐकून वाचल्यासारखी होते. कादंबरीतल्या आफ्रिकी माणसांना जवळजवळ तोंडच नाही, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. शांतिसेनेलाही तो लागू पडतो. मोहिमेचा आदेश न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात ठरतो, ज्यांच्या मुलखात सैनिक जातात त्यांना विचारतं कोण? जुलै 2022 मध्ये काँगोतल्या गोमा आणि बुटेम्बो शहरांत लोक शांतिसेनेच्या मोहिमेविरुद्ध रस्त्यावर उतरले. नागरिकही मेले, शांतिसैनिकही.

आवृत्तीची मोठी उणीव म्हणजे 1960 नंतरचा, म्हणजे स्वतंत्र काँगो तिच्यात नाही. तो आपणच जोडावा लागतो. काँगोतल्या मोहिमांबद्दलचे सुरक्षा परिषदेचे ठराव संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात: 143 (1960), 161 (1961) आणि 2098 (2013). बळ कधी वापरायचं, माणसं किती आणि चूक झाली तर चौकशी कुणाची, एवढं प्रत्येकात शोधा. 2098 ने हल्ला करू शकणारी ब्रिगेड दिली, आणि त्याच वर्षी एम23 ही बंडखोर संघटना हरली. जानेवारी 2025 मध्ये मोहीम तिथे असतानाच एम23 ने गोमा घेतलं.

वाचनाचा क्रम असा ठेवा: विल्यम्स, कादंबरी, केसमेंट, ठराव, मग अचेबे. मागचे इतर समीक्षालेख बहुतांशी अभ्यासकांसाठी आहेत, गाळले तरी चालतील. कादंबरीची इंग्रजी वाक्यं लांब आणि गुंतागुंतीची आहेत, तेव्हा एका बैठकीत एकच भाग घ्यावा. ज्यांना साहित्यात रस नाही, फक्त शांतिसेनेचं कामकाज समजून घ्यायचं आहे, त्यांनी ही प्रत न घेता शांतिसेनेच्या कामाचा आढावा घेणारा, संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा ब्राहिमी अहवाल वाचावा. पुरेसं सैन्य कबूल होईपर्यंत परिषदेने ठराव मसुद्याच्या रूपातच ठेवावा, ही शिफारस त्यात आहे.