भुजचं स्मृतिवन: एक दालन राहिलं तरी चालेल, नावांच्या भिंती चुकवू नका

कच्छला जाणारी बहुतेक मंडळी पांढरं रण बघतात, खरेदी करतात आणि परततात. माझं सांगणं आहे, भुजमध्ये अर्धा दिवस जास्तीचा काढा आणि भुजियो डोंगरावरचं स्मृतिवन बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांचं हे स्मारक, ४७० एकरांवर पसरलेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते खुलं झालं.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या घराने पाहिली आहे, त्यामुळे या जागेकडे मी नुसती पर्यटक म्हणून बघू शकत नाही. आईला मुद्दाम सोबत नेलं होतं.

संग्रहालयाची सात दालनं डोंगराच्या उतारावर आहेत. सुरुवात पृथ्वीच्या घडणीपासून होते, मग गुजरातची भूरचना आणि तिथली संकटं, मग २००१ नंतरचं मदतकार्य आणि पुनर्बांधणी. मांडणी देखणी आहे, पडदे मोठे आहेत, शाळकरी मुलं तिथून हलत नाहीत. मी रेंगाळले ती पुनर्बांधणीच्या दालनात. आमच्याकडे बावन्न गावं जुनी जागा सोडून नवीन जागी वसवली. रुंद रस्ते आले, पण जुनी आळी, जुना शेजार मोडला. गुजरातमध्ये बहुतेकांनी सरकारी मदत घेऊन आपापल्या जागेवर स्वतःच घर उभारलं. घर कुठे आणि कसं बांधायचं हे राहणाऱ्याने ठरवणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे पुनर्वसनाच्या गावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, त्या धक्क्यातही मोठ्या संख्येने उभे राहिले होते. आमच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद मात्र झोपेतल्या माणसांवर कोसळलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले.

एका दालनात भूकंपाचा अनुभव देणारं थिएटर आहे. जमीन हादरते, चहूबाजूंनी चित्र आणि आवाज. ज्यांनी भूकंप पाहिलेला नाही त्यांनी जरूर बघावं. पायाखालची जमीन हलणं म्हणजे काय हे वाचून कळत नाही. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना आग्रह करू नका. आई आत आली नाही. "मला ठाव हाय ते," एवढंच म्हणाली आणि बाहेर बसून राहिली. लहान मुलांनाही आत काय होणार ते आधी सांगा.

शेवटचं दालन श्रद्धांजलीचं. ते झालं की लोक थेट गाडीकडे वळतात, आणि इथेच चुकतं. खरं स्मारक बाहेर आहे. डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवणारे पन्नासेक छोटे बंधारे बांधलेत. त्यांच्या भिंतींवर मृतांची नावं लावली आहेत, १२,९३२ नावं. अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि भोवतीच्या मियावाकी जंगलाला, म्हणजे दाट लावलेल्या स्थानिक झाडांना, मिळतं. कच्छसारख्या कोरड्या मुलखात माणसाच्या नावाशी पाणी आणि झाड जोडण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्या वास्तुरचनाकार राजीव कठपालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मनापासून नमस्कार.

मी नावं वाचत होते, आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हितं समद्यांची नावं हायेत व्हय गं? लेकरांची बी?" हो म्हटल्यावर मला म्हणाली, "वाच. घाई करू नगंस."

किल्लारीला दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते, गावोगावचे लोक जमतात. ते व्हायलाच हवं. पण गावातून गेलेल्या प्रत्येकाचं नाव, दहा दिवसांच्या बाळाचंसुद्धा, त्याच गावाच्या तळ्याकाठी कोरलेलं असावं असं मला भुजला फार तीव्रतेने वाटलं. आकडा सरकारी कागदावर राहतो. नाव वाचलं की कुणाचा मुलगा, कुणाची जाऊ, कुठल्या वाड्यातली, सगळं बोलायला सुरुवात होते. ज्यांना ही नावं तोंडपाठ आहेत ती पिढी आता सत्तरीत आहे. लातूर-धाराशिवच्या ग्रामपंचायतींनी सहल काढायची तर इथे काढावी आणि बंधाऱ्यांपाशी थांबून बघावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: दुपार टाळा, ऊन कडक असतं. आधी संग्रहालय, मग ऊन उतरल्यावर बंधारे आणि वर चढून माथ्यावरचा सूर्यास्त, तिथून अख्खं भुज दिसतं. डोंगरावर जुना भुजियो किल्लाही आहे. पाण्याची बाटली आणि चालायला सोयीची चप्पल हवीच. गुडघे दुखणाऱ्यांना चढ त्रास देईल; त्यांना खालच्या बंधाऱ्यांपर्यंत तरी न्या.

आणि हाताशी वेळ असेल तर अंजारला वीर बाळक स्मारक बघा. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालताना १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले, त्यांचं ते आहे. भुजपासून गाडीने साधारण तासाभराचं अंतर. दोन्ही एकाच दिवशी करू नका, मनाला झेपत नाही. अंजारसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ ठेवा.