हलक्या वाऱ्यासाठी पहिला काईट: 14 मीटरसोबतचे नऊ महिने

डिसेंबरात मी काईटसर्फिंगसाठी 14 मीटरचा, म्हणजे 14 चौरस मीटर कापडाचा, वापरलेला काईट घेतला, बारसकट बासष्ट हजारांना. काईटसर्फिंग म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने, पायाखालच्या बोर्डावरून पाण्यावर सरकणं. बार म्हणजे काईटच्या दोऱ्या, म्हणजे लाईन, जोडलेला हातातला दांडा. आता सप्टेंबर चालू आहे. मधल्या काळात तो दोनदा गोव्याला जाऊन आला, एकदा बाभळीच्या काट्याने फुटला आणि आख्खा मे महिना त्याने आमच्या धाब्याच्या घरात काढला. घेण्याआधी ज्या गोष्टी मला कुणी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहून ठेवतो.

माझं वजन 72 किलो. गाव रावेर तालुक्यात, घरची केळी. समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. त्यातल्या त्यात जवळचा सुरतेचा किनारा, पण खंभातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी आणि ओहोटीला मैलभर चिखल. नवशिक्याने तिकडे जाऊच नये. हतनूरचं बॅकवॉटर घराजवळ आहे आणि दिसायला मोहात पाडणारं आहे. तिथेही मी उतरलेलो नाही, उतरणारही नाही. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी येऊन बसतात. आणि डोक्यावर 14 मीटरचं कापड फडफडलं की आख्खा थवा उठतो. शिवाय पाण्यात मासेमारीची जाळी, बुडालेली झाडं, आणि ओढून काढायला होडी नाही. म्हणून भुसावळहून गोवा एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी मडगाव, तिथून वर मोरजी-आश्वे. जानेवारीत नऊ दिवस आणि मार्चअखेर सहा, असे पंधरा दिवस हा काईट पाण्यावर वापरला.

गोव्याचा वारा हा हलका वारा. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. बाराच्या आधी बहुतेक काही नसतं. एक-दीडनंतर 9-10 नॉट, चांगला दिवस असला तर 13-14. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, म्हणजे 10 नॉटला साधारण साडेअठरा किलोमीटर. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण 72 किलोचा माणूस पाण्यातून उचलायला एवढा वारा जेमतेम पुरतो.

आकाराचा एक ढोबळ हिशेब काईटच्या शाळेत शिकवतात: वजन किलोत घ्यायचं, वाऱ्याच्या नॉटने भागायचं आणि 2.2 ने गुणायचं. माझं 12 नॉटला 13 मीटरच्या आसपास येतं, 10 नॉटला जवळजवळ 16. हा हिशेब बघून मी आधी 17 मीटरचाच शोधत होतो. वारा कमी तर कापड जास्त, असा साधा विचार. शाळेत सरांनी एक दिवस त्यांचा 17 चा हातात दिला आणि त्या एका दिवसात मत बदललं.

हलक्या वाऱ्यात काईट एका जागी धरून ठेवला तर ओढ कमी. खरी ओढ येते तो फिरवल्यावर. आकाशात इंग्रजी आठ काढत राहायचं. काईट पळाला की त्याला लागणारा वारा वाढतो, आणि ओढ वाऱ्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. 8 चे 12 नॉट झाले तर ओढ दीडपट नाही, सव्वादोन पट. 17 चा काईट बार ओढल्यावर विचार करून वळल्यासारखा वळतो. तो खाली येऊन परत वर जाईपर्यंत बोर्ड पाण्यात बसलेला असतो. ज्याला फिरवायची सवय आहे त्याला तो चालेल. पहिल्या वीस तासांत हाताला ती सवय नसते. आणि दुपारी तीनला वारा अचानक 17-18 वर गेला तर 72 किलोच्या नवशिक्याला तो आवरत नाही. 14 लवकर वळतो. 10 नॉटला मला त्याच्यावर घाम गाळावा लागतो हे खरं, पण 12 पासून पुढे तो मस्त चालतो आणि 17 नॉटपर्यंत मी किनाऱ्यावर न येता टिकलो आहे.

राहिलेली कमी मी बोर्डाने भरून काढली, आणि माझ्या मते पैसे आधी तिथेच घालावेत. शाळेचा बोर्ड 138 बाय 41 सेंटिमीटरचा होता. मी 148 बाय 45 चा, कमी वाकाचा (टोकं कमी उचललेला), जुना बोर्ड अठरा हजारांना घेतला. पृष्ठभाग सहाव्या हिश्श्याने वाढला. त्याच 11 नॉटमध्ये आदल्या दिवशी मी बुडत होतो आणि दुसऱ्या दिवशी सरळ रेषेत दीडशे मीटर गेलो. गाडीत तो बर्थखाली बसतो.

आता खरी गोष्ट, हाताची. आम्ही संक्रांतीला वाढलेली पोरं. कागदी पतंग खाली यायला लागला की ठुमकी मारायची, ओढायचं, तो वर जातो. लहानपणापासून बोटांत बसलेलं आहे ते. या काईटला ते चालत नाही. हलक्या वाऱ्यात तो डोक्यावर ढिला पडला की बार स्वतःकडे ओढायचा मोह होतो. ओढला की काईटच्या मागच्या बाजूच्या लाईन ताणतात, कापडावरची हवा तुटते आणि काईट मागे मागे सरकत पाण्यात जातो. याला बॅकस्टॉल म्हणतात. उपाय म्हणजे ढील: बार पुढे सोडायचा, काईटला उडू द्यायचं, मग हलक्या हाताने घ्यायचं. पहिले तीन दिवस मी बहुतेक वेळी ओढत होतो. चौथ्या दिवशी मनाशी 'ढील, ढील' म्हणत उभा राहिलो तेव्हा तो डोक्यावर थांबला.

पण त्यात चूक फक्त माझी नव्हती. त्या तीन दिवसांत कधी ढील दिली तरी काईट मागे पडत होता. सरांनी बघितलं, चारही लाईनची टोकं एका खुंटीला अडकवली, बार धरून मागे गेले आणि म्हणाले, "तुमचा काईट चांगला आहे. लाईन बघा." मागच्या दोन लाईन पुढच्या दोन्हींपेक्षा चार-पाच सेंटिमीटर आखूड दिसत होत्या. पुढच्या लाईनवर सगळा भार असतो, त्या वापरून लांबतात. मागच्या तेवढ्या लांबत नाहीत. मग बार पूर्ण सोडला तरी मागच्या ताणलेल्याच राहतात, आणि हलक्या वाऱ्यात एवढा फरक काईट पाडायला पुरतो. कन्नी चुकली की पतंग गिरक्या घेतो तसंच हे. टोकाच्या दोऱ्यांच्या गाठी सरकवल्या, दहा मिनिटांचं काम. ज्याच्याकडून घेतला त्याने 'अगदी नव्यासारखा' म्हणून दिला होता आणि लाईनचं काहीच बोलला नव्हता. त्याच्यामुळे माझे सुट्टीचे तीन दिवस गेले, याचा मला अजून राग आहे.

त्यामुळे जुना काईट घेताना कापड बघाच. बोटांनी चिमटीत धरून कुरकुरीत लागतं का, सूर्यासमोर धरल्यावर बारीक भोकं दिसतात का. हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी पुढच्या कडेची हवेची नळी बोटाने दाबून बघा. लाईन मात्र त्याच्यासमोरच खांबाला लावून मोजा. क्विक रिलीज, म्हणजे संकटात काईट झटकन सोडायची कळ, हाताने उघडून बघा. एकदा नाही, पाच-सहा वेळा, हार्नेसवर (काईटची ओढ घेणारा कंबरेचा पट्टा) ओढ ठेवून. या रिलीजसाठी 2020 मध्ये आयएसओ 21853 हे मानक आलं. त्यानंतरचा बार मिळाला तर काईट जुना असला तरी बार नवाच घ्या. 2005 च्या आधीचे काईट फुकट मिळाले तरी नकोत. बार सोडल्यावर ओढ जवळजवळ संपवणारी बो जातीची रचना त्या सुमारास बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक काईट बार सोडला तरी ओढतच राहतात.

माझा काईट तीन स्ट्रटचा, म्हणजे कापडाला आकार देणाऱ्या तीन आडव्या हवेच्या नळ्यांचा. पाच स्ट्रटचा जोरदार वाऱ्यात आकार नीट धरतो, पण जड. हलक्या वाऱ्यात वजन हाच शत्रू, काईट पाण्यात पडल्यावर तर जास्तच. 9 नॉटला ओला जड काईट उठता उठत नाही. माझा मात्र एका बाजूची मागची लाईन धरून ठेवली की सरकत सरकत टोकावर येतो, घाई केली नाही तर उठतो. 8 नॉटच्या खाली नाही उठला, दोनदा पोहत किनाऱ्यावर आणला.

खान्देशात त्याचं काय? इथे मी तो उडवत नाही, हे स्पष्ट सांगतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधल्या या सपाटीवर उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात. वाऱ्याची दिशा क्षणात फिरते, आणि इथे पडलं तर माणूस पाण्यात नाही, दगडावर आपटतो. शिवाय प्रत्येक वावराच्या कडेने विजेच्या तारा. इथे फक्त 3 मीटरचा दोन लाईनचा ट्रेनर, म्हणजे सरावाचा छोटा काईट, कापूस निघालेल्या रानात, तारांपासून लांब. त्या ट्रेनरवर केलेले वीस-पंचवीस तास गोव्यात कामाला आले. वाऱ्याचा अंदाज मात्र बागेत शिकलो. केळीची पानं नुसती सळसळली तर 5-6 नॉट, सगळी पानं सतत हलत राहिली तर 7 ते 10, बांधावरची धूळ आणि कागद उडायला लागले तर 11 च्या पुढे. मोबाईलचा अंदाज आणि बाग यांत मी बागेवर जास्त विश्वास ठेवतो.

काट्याची गोष्ट एप्रिलची. रानात हवा भरून काईट तपासायला पसरला, खाली गोणपाट न टाकता. काळ्या मातीत पडलेला बाभळीचा काटा दिसत नाही. मधल्या स्ट्रटची हवा तासाभरात गेली. ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, बाहेर काढला, बैलांच्या हौदात दाबून धरला, बारीक बुडबुड्यांची एक रांग वर आली. गावातल्या सायकलवाल्या अप्पांनी जीव लावून पॅच मारला, पण ट्यूब रबराची आणि हा ब्लॅडर टीपीयू या प्लास्टिकचा. ते सोल्यूशन त्याला धरत नाही, दुसऱ्या दिवशी पॅच सालीसारखा निघाला. शेवटी टीपीयूचा पॅच मागवला. तो जागा स्पिरिटने पुसून लावला आणि आजतागायत टिकला आहे. दोन पॅच कायम बॅगेत ठेवा.

उन्हाळ्याचं तर वेगळंच. आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने व्हॉल्व्हचा डिंक सुटतो. माझ्या काईटचा एक व्हॉल्व्ह कडेने उचलला गेला, तेव्हापासून तो धाब्याच्या आतल्या खोलीत असतो, जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या होत्या. हवा भरून उन्हात ठेवायचा तर अजिबात नाही. 30 अंशांना भरलेली 6 पीएसआय हवा 50 अंशांना सव्वासातच्या पुढे जाते आणि सगळा ताण जुन्या शिवणींवर येतो. तापलेली हवा उचलतेही कमी. 40 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 8 टक्के विरळ असते, त्यामुळे थंड देशातल्या लोकांचे आकाराचे तक्ते आपल्याकडे थोडे लहान पडतात. तक्त्यात 12 आणि 14 च्या मध्ये अडकलात तर 14 घ्या.

परत घ्यायचा झाला तर हाच आकार घेईन, फक्त बार नवा. जोराच्या दिवसांसाठी पुढे एक 10 चा लागेल, पण तो दुसऱ्या वर्षी.

अमळनेरचा माझा मित्र गेल्या आठवड्यात घरी आला होता. त्यालाही शिकायचं आहे. बांधावर उभा राहून म्हणाला, "आज वारा नई शे, भाऊ," आणि मग विचारलं, मी पण 14 घेऊ का? त्याचं वजन 92 किलो. वरचा हिशेब त्याला 12 नॉटला 17 देतो, आणि मला स्वतःला न आवडलेला तो 17 च त्याला लागेल, सोबत 150 च्या पुढचा बोर्ड. एक वापरलेला त्याने बघून ठेवला आहे. पैसे देण्याआधी तो इकडे आणायचा आणि चारही लाईन आमच्या विहिरीवरच्या खांबाला लावून मोजायच्या, असं ठरलं आहे.