कुलवृत्तांत ऑनलाइन करून देणारी सर्व्हिस: झाड भारी, नावांत घोळ

आमच्या कुलमंडळाचा छापील कुलवृत्तांत ऑनलाइन करायला कर्वेनगरच्या एका छोट्या कंपनीला दिला होता, आता बरेच महिने वापरून झालाय म्हणून लिहितेय. नाव देत नाही, माणसं चांगली आहेत आणि काम अजून चालू आहे.

वंशवृक्ष खरंच भारी दिसतो. मोबाइलवर बोट फिरवलं की पिढ्या उलगडत जातात, सत्तरीच्या पुढचे काकालोकपण आपापली शाखा उघडून बसलेले असतात. जुना डेटा श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये होता, म्हणजे फाँट काढला की नुसती गिचमिड, तो सगळा युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर-चिन्हाला एक ठरलेला नंबर देणारी जागतिक पद्धत) आणून दिला आणि चुका फारच कमी. हे काम किती किचकट असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

पण नवीन नावं भरायला लागलो आणि कदम पास, शिंदे नापास! नावाच्या खान्याला नियम लावलेला की फक्त अक्षरं चालतील, आणि युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे अक्षरांच्या गटात येतच नाहीत, त्यांचा गट वेगळा. कदमांना यातलं काहीच नाही म्हणून ते सुटले. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणणारी सरकारी संस्था सीडॅक आपल्याच गावात आहे, तरी पुण्यातल्या सॉफ्टवेअरने शिंद्यांना अडवावं म्हणजे कमाल आहे. फोन केल्यावर लगेच दुरुस्त केलं, हे मान्य.

खरा ताप ऱ्ह चा. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे असली आडनावं तीन तऱ्हांनी टाइप होतात: सरळ ऱ घेऊन, नाहीतर र ला खाली नुक्ता देऊन, नाहीतर र चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं कॅरॅक्टर टाकून. स्क्रीनवर तिन्ही सेम टू सेम, डेटाबेसला मात्र तीन वेगळी आडनावं. त्यामुळे सर्चमध्ये थोरला भाऊ सापडतो आणि धाकटा गायब, कारण दोघांची माहिती वेगवेगळ्या कीबोर्डवरून भरलीय. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणणं) एक होतात, तिसऱ्यासाठी आपला नियम लिहावा लागतो, आणि यांनी दोन्ही केलं नव्हतं. उलट डेटा साफ करताना स्पेशल कॅरॅक्टर म्हणून ते न दिसणारं उडवलं आणि काही गोऱ्ह्यांचे गोर्हे झाले. ज्यांचं आडनाव आहे त्यांना विचारा किती लागतं ते.

परदेशातल्या शाखेचं वेगळंच. आमचा एक जावई जर्मन, आडनावात यू वर दोन टिंबं. पासपोर्टच्या खालच्या मशीनने वाचायच्या ओळींत त्याचंच यूई होतं, त्याने एकदा असं भरलं एकदा तसं, आणि सॉफ्टवेअरने दोन माणसं केली. झाडात एका मुलीला दोन नवरे! काकूंचा फोन आला होता, काय चाललंय म्हणून.

यादीचा क्रमपण युनिकोडच्या नंबरप्रमाणे लावलाय, त्यामुळे ळ येतो ल च्या लगेच नंतर, आणि काळे काशीकरांच्या आधी बसतात. आपल्याकडे ळ ह च्या नंतर, छापील पुस्तकातही तसंच होतं. ज्येष्ठांनी पहिल्याच दिवशी पकडलं.

एक्सपोर्ट केलेली सीएसव्ही (तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, देवनागरीऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या ए ची माळ दिसते. एक्सेलच्या आतून इम्पोर्टला जाऊन यूटीएफ-८ (युनिकोड फाइलमध्ये साठवायची पद्धत) निवडलं की नीट येते. फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे ही फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी न दिसणारी खूण, टाकला असता तर ही कटकट नव्हती, पण सांगूनही अजून झालेलं नाही.

घेणार असाल तर डेमोमध्ये आपल्या घराण्यातली सगळ्यात अवघड नावं टाका, मग ती दुसऱ्याच्या फोनवरून टाइप करून शोधा, आणि सापडली तरच पैसे भरा. ऱ्ह चं काम पुढच्या अपडेटला करतो म्हणालेत. सध्या तीन स्टार, त्यातले अडीच वंशवृक्षाचे.